बारा खाचांची काडी

…न्हाय गं श्रेया, बोकडाचं मागनं. आधी काडीचं लिव्ह. काडी कळल्याबिगर बोकड कसा कळायचा कुणाला? आन् त्यो फोन उपडा ठेव आधी, सारखा उजेड मारतुय तोंडावर. झालं? मंग लिव्ह. मी बोलते तसंच लिव्ह. शाळंतलं शुद्ध करत बसलीस तर जिला वाचायचंय तिला वाटंल ही छबू आज्जी न्हाय बोलत, कुणी तलाठ्याची बायको बोलतीया.

तर कुशाबाई. आपल्या अंथुर्ण्यातली, चारीच्या कडंला पत्र्याचं घर हाय बग, ती. वांगी, गवार, मेथी, कोथमीर पिकवायची आन् वालचंदनगरच्या बाजारात पाटी घिऊन बसायची. तीस वर्सं बसली. कॉलनीतल्या सायबांच्या बायका तिच्याकडंच यायच्या. तराजू हुता तिच्याकडं, पर त्यो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. तिचा तिला हातच पुरायचा. गवारीची मूठ उचलली की पाव किलो म्हंजी पाव किलो, वर दोन शेंगा.

माहेर तिचं वडगाव निंबाळकर. बापाचं खळं मोठं. सात वर्सांची हुती तवापासनं बाप रास मापायला बसला की ती शेजारी बसायची. आता तुमाला खळं ठाव न्हाय, मशिनीतनं पोत्यात पडतं समदं. पर तवा शेर घ्यायचा, भरायचा, वतायचा. आन् पयल्या शेराला एक म्हणायचं न्हाय, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. बाप सांगायचा, "कुशे, रास मापायची असती. दाणं मोजायचं नसत्यात. मोजलं की बरकत उठून जाती." ह्ये तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. शाळंत एक दिस गेली. मास्तरानं चिंचोके मोजायला दिले. हिनं ओंजळ भरली आन् म्हणली, "एक ओंजळ हायत." मास्तर म्हणला, "मोज." ही म्हणली, "सांगितलं की." संपली शाळा.

पर माप असं की काय सांगू. लुगडं हातानं मापायची, दुकानदाराचा मीटर चुकायचा पर हिचा हात न्हाय चुकायचा. विहिरीत दोर सोडून पाणी किती परस, म्हंजी किती मानूस खोल हाय ते सांगायची. पोरगा रामहरी वाढला किती ते दाराच्या चौकटीवर कोळशानं. लगीन होऊन हितं आली, तर नवरा गेणबा बी तसलाच, चारीवर पाणी सोडायच्या कामावर. त्याला मातूर शंभरापातूर मोजता यायचं. त्यानंच तिला काडी करून दिली.

करंजाची काडी, सरळ, सोलून वाळवलेली. गेणबानं बाजारातल्या दहाच्या नोटा शंभर मोजल्या, रातभर पाट्याखाली दाबून ठेवल्या, आन् सकाळच्याला पाटावर थप्पी उभी करून तिच्याशेजारी काडी धरली. जितं थप्पी संपली तितं इळ्यानं खाच पाडली. मंग आणिक शंभर, आणिक खाच. अशा बारा खाचा. समदी मिळून एका वितीला वाईच कमी. म्हणला, "घे. आता तुला मोजायला नगं. खाच म्हंजी हजार रुपय." आन् ती काडी खरी ठरली गं. बाजारातली दहाची नोट कशी असती? घामाची, भाजीच्या पाण्याची, चोळीत ठेवलेली, चारदा घडी घातलेली. समद्या सारख्याच फुगलेल्या. पाट्याखाली ठेवल्या की समद्या सारख्याच बसायच्या. बँकेतल्या बाईनं दोनदा तपासलं, दोन्हीदा बरुबर आलं.

त्यावर मंग भिशी सुरू झाली. आमी बारा जणी. दर बाजाराला हरेकीनं दहाच्या दोन नोटा टाकायच्या, वर्साकाठी पन्नास बाजार, म्हंजी हरेकीच्या शंभर. दिवाळीच्या तोंडावर काडी लावायची, बारा खाचा भरल्या की हरेकीला एक खाच. वही न्हाय, सही न्हाय, भांडण न्हाय. गेणबा गेला त्याच्या मागं बी चाललं. सोळा दिवाळ्या.

बाजारातनं येताना टमटममदी आमी तिला छेडायचो. "कुशाबाई, दहाच्या नोटांचा लाख रुपय केला तर थप्पी केवढी गं?" ती डोळं मिटायची, बोटं हालवायची. "शंभर खाचा. माझ्याएवढी. मी उभी ऱ्हायले की लाख रुपय उभं ऱ्हायलं समज." आमी हासायचो. झुंबरबाई हाय न्हवं, कोपऱ्यावरची, ती म्हणायची, "मंग तुझ्या नवऱ्यानं लाखाची बायको केली की!" "आन् कारखान्याच्या धुराड्याएवढी थप्पी?" कुशाबाई खिडकीतनं धुराडं बगायची, एकीवर एक अशा किती कुशाबाया चढतील त्याचा हिसाब लावायची. "तीस कुशाबाया लागतील. तीस लाख." आन् लगीच म्हणायची, "पर पाचशेच्या नोटांचा लाख केला तर नुसत्या दोन खाचा. अंगठ्याएवढा. मोठ्या मानसांचा पैसा बुटका असतुय बग, खिशात मावतुय. गरिबाचाच तेवढा उंच दिसतुय."

अशी ती. तिचा मान हुता त्या काडीवर. आन् मानाचंच झालं पुढं समदं.

चार दिवाळ्यांमागची गोष्ट. त्या वर्साला बायांनी हट्ट धरला, भाऊबीजेला, ववाळायला, पोरांच्या हातावर ठेवायला कोऱ्या नोटा पायजेत. त्या चॉकलेटी रंगाच्या नव्या दहाच्या. मळक्या नोटा देताना लाज वाटती म्हणं. बँकेत कुणी जायचं? रेश्मानं.

रेश्मा म्हंजी कुशाबाईच्या दिराची सून. दहावी झालेली, भिशीत तेवढी एकच शिकलेली. नवरा ट्रकवर, म्हैना म्हैना घरी न्हाय. ही घरात मशिनीवर बलाऊज शिवायची, फॉल लावायची. पायानं मशिन चालवून पाय सुजायचं तिचं, म्हणून एक बोकड पाळला हुता. त्यो इकून मशिनीला मोटर बसवायची, असं ठरलं हुतं. बाराच्या बारा जणींची बलाऊजं तिच्याकडं. गुणाची पोर, तोंडानं कमी.

तिनं बाराशे जुन्या नोटा मोजून नेल्या, बँकेतनं कोऱ्या बारा गड्ड्या आणल्या. सांजच्याला कुशाबाईकडं आली तर कुशाबाई मळ्यात. घरात कुणी न्हाय. रेश्माला रीत ठाव हुती: नोटा सुट्या करून पाट्याखाली दाबायच्या. तिनं गड्ड्यांच्या कागदी पट्ट्या फाडल्या, चुलीत टाकल्या, नोटा नीट रचल्या, वर पाटा ठेवला आन् दार वढून गेली. कुशाबाई आली तवा थप्पी दाबलेली. तिला बरं वाटलं. "पोरीला शिस्त हाय," म्हणली.

सकाळी आमी समद्या तिच्या वसरीवर जमलो. चहा झाला. कुशाबाईनं पाट धुतला, हळदकुकू वाह्यलं, थप्पी उभी केली. दोन पाटाच्या फळ्यांमदी धरली, जशी दर वर्साला धरायची. काडी लावली.

नऊ खाचा.

तिनं काडी उचलली, पुसली, परत लावली. नऊ. तिसऱ्यांदा लावली. नऊच. तीन खाचा म्हंजी तीन हजार, म्हंजी आमच्यातल्या तिघींचं वर्स.

"रेश्मा," ती म्हणली, "बाकीच्या कुठं हायत?"

"कुठल्या बाकीच्या? बाराच्या बारा गड्ड्या आणल्यात, आत्या."

"गड्ड्या कुठं दिसत्यात मला? पट्ट्या दाव."

"पट्ट्या काढल्या की. चुलीत टाकल्या."

झुंबरबाईच्या जिभंला हाड न्हाय. ती म्हणली, "वा! पुरावा चुलीत आन् पैसा पदरात!"

रेश्माचं तोंड उतरलं, पर तिनं धीर सोडला न्हाय. म्हणली, "आत्या, कोऱ्या नोटा पातळ असत्यात. जुनी नोट भाकरीवाणी फुगती, ही पापडावाणी हाय. काडी जुन्या नोटांची हाय. मोजून बगा तुमी. मोजा की."

"नोट ती नोट. दहाची ती दहाची."

"मोजा आत्या. मी मोजते तुमच्यासमोर."

तिनं हात फुडं केला आन् कुशाबाईनं थप्पीवर आपला पंजा ठिवला. दाबून. "रास मोजायची नसती," म्हणली. "सोळा वर्सं ह्या काडीनं कुणाचा पैसा बुडवला न्हाय. आता काडी खोटी का तू खोटी, एवढंच सांग."

"मोजा," रेश्मा तिसऱ्यांदा म्हणली. पर आता ती रडत हुती, आन् रडणाऱ्याचं कोण ऐकतंय. आमी अकरा जणी हुतो. आमच्यातल्या एकीनं बी म्हणलं न्हाय की अगं मोजा, दोन घटकंचं काम हाय. मी बी न्हाय म्हणलं. लिव्ह ते. लिव्ह म्हणते न्हवं.

कुशाबाई म्हणली, "पाडव्यापातूर काडी भरून दे. न्हायतर तुझ्या नवऱ्याला फोन लावते."

रेश्मा उठून गेली.

आता बोकडाचं लिव्ह. बारामतीच्या बाजारात नेला तिनं, एकलीच, टेम्पोत बसून. दिवाळीच्या तोंडावर खाटीक मान पाडूनच भाव करत्यात. साडेतीन हजाराला गेला, पाचाला जायचा ऐवज. पैशे मिळालं पाचशेच्या नोटांत. पर काडी भरायची तर दहाच्या नोटा पायजेत! मंग ही बाई दुकाना दुकानातनं फिरली, किराणावाल्याकडं, रसवंतीवाल्याकडं, दहाच्या जुन्या नोटा गोळा केल्या, तीनशे. पाडव्याच्या आदल्या दिवशी आली, कुशाबाईच्या पाटावर नोटा ठिवल्या, काडी तिच्या हातात दिली. कुशाबाईनं थप्पी लावली. बाराव्या खाचंला येऊन थप्पी टेकली. बरुबर.

"भरली," कुशाबाई म्हणली.

"भरली," रेश्मा म्हणली.

वाटप झालं. वरच्या मळक्या नोटांतली पयली खाच कुशाबाईनं रेश्माला दिली. "तुझ्या तुलाच घे." उरलेल्या दोन मळक्या खाचा दोघींना. बाकीच्या नऊ जणींना कोऱ्या. त्या नऊ जणींत मी बी हुते आन् कुशाबाई सोता बी हुती. रीतीपरमानं तिचा वाटा शेवटचा.

दिवाळी झाली. रेश्माच्या दारातली बलाऊजं बंद झाली. कुणी ठरवून न्हाय केलं. पर झुंबरबाई म्हणली की, कापड दीड हात दिलं तर एक हात परत येईल, आन् बाया हासल्या. हासल्या म्हंजी संपलं. एकेक जण दुसऱ्या शिंपिणीकडं जाऊ लागली. रेश्माच्या मशिनीचा आवाज आधी गल्लीत दिसभर यायचा, आता नळाला पाणी आल्यावाणी कधीतरी यायचा.

दिवाळीपासनं पंधरा दिसांनी झुंबरबाईची नवी सून, राजनंदिनी, कुशाबाईच्या दारात उभी. सासू खुरपायला गेली हुती तेवढ्यात आलेली. हातात पिशवी.

"आज्जी, ह्या ठिवून घ्या. चौतीस नोटा हायत."

"कसल्या गं?"

"सासूबाईंनी भिशीच्या नोटा ठिवायला दिल्या मला. मी मोजल्या. एकशे चौतीस हायत. तीनदा मोजल्या. सासूबाई म्हणत्यात गप ऱ्हा, दिवाळीची लक्ष्मी आलीया. पर मला झोप लागंना."

कुशाबाई चिडली. "काडीवर मापून दिलंय मी. तुला मोजता येत न्हाय."

पोरगी वसरीवर बसली, पिशवीतनं समद्या नोटा काढल्या आन् दहा दहाचे ढीग लावत गेली. कुशाबाईला दहापातूर यायचं मोजता. तिनं बगितलं. दहा ढीग झालं, आन् आणिक तीन झालं, वर चार नोटा. मंग ती उठली, घरात गेली, दार लावून घेतलं. आपल्या डब्यातनं आपली खाच काढली. तशीच कोरी, तिनं मोडली नव्हती. दहा दहाचे ढीग लावले. जन्मात पयल्यांदा नोटा मोजल्या तिनं. तेरा ढीग. वर तीन नोटा.

रेश्माच्या बोकडाच्या तेहतीस नोटा पंधरा दिस तिच्या डब्यात, तिच्या देव्हाऱ्याच्या खाली निजल्या हुत्या. ती मला म्हणली, छबू, त्या टायमाला भुईनं पोटात घेतलं असतं तर मी न बोलता गेले असते.

मंग ती दारोदार हिंडली. आठ दारं. माझ्या बी आली. उंबऱ्यात उभी, आत ये म्हणलं तर आली न्हाय.

"छबू, तुझ्या खाचंत किती नोटा हुत्या?"

मला ठाव हुतं गं किती हुत्या. मी मोजल्या नव्हत्या, तुझ्या आईनं मोजल्या हुत्या आन् मला सांगितलं हुतं. मी म्हणलं, "मला वाटलं तू व्याज घातलंस."

"बाजाराच्या पिशवीला कसलं व्याज लागतंय, छबू?"

त्या पैशातनं तुला फ्रॉक घेतला हुता दिवाळीला, त्यो निळा. आता रडू नगंस, तुझं काय चुकलं त्यात. लिव्ह. नऊ जणींतल्या सहा जणींनी मोजलं हुतं. सहा जणींना ठाव हुतं की काडीवर काईतरी इपरीत झालंय. आन् सहाच्या सहा गप. रेश्मा पातळ नोटांचं बोलली हुती, ते आठवत बी हुतं. पर आठवलं तर पैशे परत द्यायला लागत्यात ना.

कुणी लगीच दिलं, कुणी भाजीत वळतं कर म्हणलं. झुंबरबाई म्हणली, "राजनंदिनीनं दिलं तेवढं बास." कुशाबाईनं जे कमी पडलं ते आपलं घातलं. तीन हजार, वर बोकडाच्या पडलेल्या भावाचं दीड हजार, साडेचार हजार घिऊन ती दिसाढवळ्या रेश्माच्या घरी गेली. बरुबर बलाऊजचं कापड घेतलं, लोकांनी बगावं म्हणून खांद्यावर टाकून.

रेश्मा मशिनीवर बसली हुती. कुशाबाईनं पैशे मशिनीवर ठिवलं. "काडी जुन्या नोटांची हुती," म्हणली. "तू म्हणलीस तसंच."

रेश्मानं पैशे मोजले. तीन हजार घेतले, दीड हजार परत सारले. "भाव माझा मी पाडला. ते नगं." मंग टेप घेतली, कुशाबाईचं माप घेतलं, दंड, छाती, पाठ. वहीत लिव्हलं. "मंगळवारी न्या. ऐंशी रुपय शिलाई."

कुशाबाई उठंना. "काईतरी बोल की पोरी."

"काय बोलू आत्या? घरात येऊन सांगितलंत. वसरीवर अकरा जणी हुत्या."

खरं हुतं तिचं. बाजारच्या दिवशी कुशाबाईनं समद्यांना परत बोलावलं. त्याच वसरीवर. रेश्मा बी आली, दारापाशी उभी ऱ्हायली, बसली न्हाय. कुशाबाईला बोलता येतं गं, तीस वर्सं बाजारात वरडलेली बाई, पर त्या दिवशी मोजकंच बोलली. म्हणली, "रेश्मानं एक नोट घेतली न्हाय. मी तिला चोर म्हणले. माझं चुकलं. तुमच्याकडचं जे जास्तीचं हुतं ते तिच्या बोकडाचं हुतं." बाया खाली बगत पदराची टोकं पिळाय लागल्या. झुंबरबाई म्हणली, "झालं गेलं, आता चहा टाक." पर रेश्मा दारातनंच म्हणली,

"आत्या, एकच इचारते. मी तीनदा म्हणलं मोजा. तुमी थप्पीवर हात ठिवला. का?"

कुशाबाईनं आजूबाजूला बगितलं. तिची सून, रामहरीची बायको, चहाचं कप मांडत हुती.

"रास मोजायची नसती म्हणून," कुशाबाई म्हणली.

रेश्मानं चपला पायात घातल्या. मंग "बरं," म्हणली आन् गेली. भिशीत परत आली न्हाय. बलाऊजं थोडी परत आली, समदी न्हाय. मोटर अजून बसलेली न्हाय मशिनीला. कुशाबाई तेव्हापासनं रेश्माच्या गल्लीनं जात न्हाय. चारीच्या बांधावरनं लांबचा फेरा घिऊन जाती, गुडघं दुखत असताना.

कारण ती खोटं बोलली हुती. अकरा जणींसमोर माफी मागताना बी खोटं बोलली. खरं तिनं मला सांगितलं, परवा, चार वर्सांनी, आमी दोघी शेंगा फोडत बसलो हुतो तवा.

रामहरी, तिचा पोरगा. आता टेम्पो चालवतुय, चांगला हाय. पर त्या दिवाळीच्या आधी दोन वर्सं त्याला फोनवरच्या रमीचा नाद लागला हुता. त्या नादात त्यानं आईच्या डब्यातलं पैशे उचललं हुतं एकदा. भिशीचं न्हाय, तिचं सोताचं. कुशाबाईनं कुणाला कळू दिलं न्हाय. पोरानं तिच्या पायाची शपथ घेतली आन् नाद सोडला बी. पर आईचं मन. त्या रातीला नोटा पाट्याखाली हुत्या आन् त्याच खोलीत रामहरी निजला हुता. सकाळी काडी नऊवर थांबली तवा तिच्या डोळ्यांपुढं रेश्मा आलीच न्हाय गं. रामहरी आला. आमी यायच्या आधी तिनं काडी एकदा लावून बगितली हुती. तवाच नऊ. तवाच तिनं खुंटीवरच्या त्याच्या शर्टाचं खिसं चाचपलं हुतं. काय सापडलं न्हाय, तर म्हणली, लपवलं असतील.

आता कळलं का? मोजल्या असत्या आन् खरंच कमी भरल्या असत्या, तर चौकशी झाली असती. कोण कुठं निजलं, कोण कवा उठलं. कुणीतरी रामहरीचं नाव काढलं असतं. म्हणून तिनं हात ठिवला थप्पीवर. मोजणी हुण्याआधी चोर ठरवून टाकला, दुसऱ्याच्या घरातला. रेश्मानं चोरलं असं तिला एक घडी बी वाटलं नव्हतं. बरकतीचं बिरकतीचं काय नव्हतं. पोराला झाकायला तिनं पोरीला उघडं केलं, आन् पोरगा तर निर्दोष हुता! त्यानं बी काय केलं नव्हतं. दोघांना तिनं चोर केलं, एकाला मनात, एकीला वसरीवर.

मी म्हणलं, "रामहरीला ठाव हाय का?"

"सांगितलं," म्हणली. "त्यो म्हणला, आई, तू खिसं चाचपत हुतीस तवा मी जागा हुतो."

एवढं म्हणली आन् हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. मंग म्हणली, "छबू, रेश्माला सांगायचंय. चार वर्सं झाली सांगायचंय. तिच्या गल्लीच्या तोंडापातूर जाते, मशिनीचा आवाज ऐकते आन् माघारी फिरते. मला लिव्हता येत न्हाय. तुला बी येत न्हाय. तुझी नात लिव्हती का बग."

मी इचारलं, रामहरीचं लिव्हायचं का? तर म्हणली, त्याला इचारलंय, त्यो हो म्हणला. माफ कर असं लिव्हू का? न्हाय म्हणली. माफी मागून झालीय आन् ती खोटी निघालीय, आता परत कुठल्या तोंडानं मागू. तिनं इचारलं हुतं का म्हणून, त्याचं उत्तर तेवढं द्यायचं ऱ्हायलंय.

माझं बी एक घाल. माझ्या वाट्याच्या तेहतीस नोटा मी कुशाबाईनं मागितल्यावर दिल्या, आधी न्हाय. आन् त्या सकाळी वसरीवर मी रेश्माच्या शेजारी बसले हुते, मांडीला मांडी लावून, तरी म्हणलं न्हाय की मोजू द्या पोरीला. ह्ये बी तिला कळू दे.

झालं का लिव्हून? आता घडी घाल, पर बारीक घालू नगंस. आन् आत्ताच जा, ऊन हाय तोवर. झुंबरबाई कुठं निघालीस इचारील, तिला काय सांगू नगंस. रेश्मा शिवत असली तर मशिन थांबंपातूर दारात उभी ऱ्हा. मंग म्हण, ह्ये कुशा आत्याचं हाय, छबू आज्जीनं सांगितलंय, मी लिव्हलंय. जबाब मागू नगंस तिच्याकडं. तिच्या हातातच दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाय. रेश्माला दे.